वाक्यदुरुस्तीत मॉडिफायरचा प्रश्न परत परत चुकतोय? आधी दोष कुठे आहे ते शोधा

लक्षण असं असतं. इंग्रजी व्याकरणाचा नियम पाठ आहे, सराव संच सोडवून झालेत, कर्ता-क्रियापदाचे आणि काळाचे प्रश्न सुटतात. मॉडिफायरचा, म्हणजे वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीची माहिती देणाऱ्या शब्दाचा किंवा तुकड्याचा, प्रश्न आला की मात्र चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात आणि नेमका चुकीचा टिकमार्क होतो. उत्तर पाहिलं की लगेच पटतं, पुढच्या टेस्टला पुन्हा तेच.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण पर्याय वाचतो, मनात त्याचा अर्थ मराठीत लावतो, अर्थ लागला की पुढे जातो. आणि मॉडिफायर चुकलेल्या इंग्रजी वाक्याचा मराठीत अर्थ अगदी व्यवस्थित लागतो. ‘घरी जाताना पाऊस लागला’, ‘जेवून झोप आली’, ‘खोलीत शिरताच वास आला’ ही वाक्यं आपण दिवसभर बोलतो. जाणारा कोण, जेवणारा कोण, हे वाक्यात सांगावंही लागत नाही. फार तर ‘मला’ म्हणून तो कुठेतरी बाजूला असतो, वाक्याचा कर्ता पाऊस नाहीतर झोप असते, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘गोइंग होम, द रेन स्टार्टेड’ लिहिलं की घरी निघालेला पाऊस होतो. म्हणून अर्थ लावून तपासणं इथे कामाचं नाही, जागा तपासावी लागते.

खालची इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. स्वल्पविराम कुठे आहे याकडे मुद्दाम लक्ष द्या, अर्धा निकाल तिथेच लागतो.

बिघाड पहिला: सुरुवातीचा तुकडा लोंबकळतोय

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात, म्हणून यावर वेळ घालवणं परवडतं. तपासणीचा क्रम असा ठेवा.

१. वाक्याच्या सुरुवातीपासून पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा वेगळा काढा. त्यात स्वतःचा कर्ता आणि क्रियापद आहे का? ‘व्हेन आय वॉज गोइंग होम’ असं असेल तर तुकडा स्वतःच्या पायावर उभा आहे. लोंबकळण्याचा दोष नाही, चूक दुसरीकडे शोधा.

२. कर्ता नसेल, म्हणजे तुकडा ‘गोइंग’, ‘हॅविंग ईटन’, ‘रिटन इन हेस्ट’, ‘टू पास द टेस्ट’, ‘लाइक हिज फादर’, ‘आफ्टर रीडिंग’ अशा पद्धतीने सुरू होत असेल, तर एकच प्रश्न विचारा: हे करणारा किंवा हे लागू पडणारा कोण?

३. स्वल्पविरामाच्या लगेच पुढचं नाम बघा. ‘रवीज बॅग’ असेल तर नाम रवी नाही, बॅग आहे. षष्ठीतला माणूस कर्ता धरायचा नाही.

४. दोन्ही उत्तरं जुळत नसतील तर पर्याय खोडा. पुढे काय लिहिलंय ते वाचायचीही गरज नाही.

आता हेच एका पूर्ण प्रश्नावर करून पाहू. वाक्य: ‘वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक बिट हिम.’ अधोरेखित भाग स्वल्पविरामानंतरचा. पर्याय असे:

अ. हिज लेग वॉज बिटन बाय अ स्नेक
ब. ही वॉज बिटन बाय अ स्नेक
क. देअर वॉज अ स्नेक दॅट बिट हिम
ड. सुधारणेची गरज नाही

चालणारा कोण? तो. मूळ वाक्यात पुढे आहे साप, म्हणजे ‘ड’ गेला. ‘अ’मध्ये त्याचा पाय आहे, आणि एकटा पाय शेतातून चालत नाही. ‘क’मध्ये ‘देअर’ आहे, तो कोणीच नाही. उरला ‘ब’.

इथे पुष्कळ जण ‘ब’ सोडतात, कारण तो कर्मणी प्रयोग आहे आणि ‘वाक्यदुरुस्तीत कर्मणी टाळावा’ असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. ते डोक्यातून काढून टाका. प्रयोग कर्तरी की कर्मणी याला इथे महत्त्व नाही, स्वल्पविरामाच्या पुढे योग्य माणूस उभा आहे का एवढंच बघायचं. कर्मणी प्रयोगाने घोटाळा होतो तो वेगळ्या कारणाने. ‘आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, अ डिसिजन वॉज टेकन’ यात वाचणारा वाक्यातून गायबच झालाय, निर्णय अहवाल वाचत नाही. ‘टू पास द टेस्ट, हार्ड वर्क इज नीडेड’ हेही तसंच. परीक्षा पास व्हायची आहे ती ‘यू’ला, मेहनतीला नाही.

कधी कधी स्वल्पविरामापुढचा भाग पक्का असतो आणि सुरुवातीचा तुकडाच अधोरेखित असतो. मग दुरुस्ती उलट बाजूने करायची, म्हणजे तुकड्याला त्याचा कर्ता द्यायचा. ‘वॉकिंग थ्रू द फील्ड’च्या जागी ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग थ्रू द फील्ड’ आलं की पुढे साप असला तरी चालतो.

याच घरातला आपल्याकडच्या परीक्षांचा लाडका प्रश्न म्हणजे ‘बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम’. पावसाळी दिवस म्हणजे आम्ही नव्हे. बरोबर रूप ‘इट बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम’. तुकड्याला स्वतःचा कर्ता ‘इट’ मिळाला, की तो पुढच्या कर्त्यावर अवलंबून राहत नाही. ‘द वेदर बीइंग फाइन, वी वेंट आउट’ याच कारणाने बरोबर आहे, तिथे ‘सुधारणेची गरज नाही’ हेच उत्तर. पण ‘इट बीइंग’ घोकून घेतलं की दुसरी अडचण सुरू होते. ‘बीइंग अ क्लेव्हर बॉय, ही सॉल्व्ड द सम’ यातही मुलं ‘इट’ घुसवतात. हुशार मुलगा कोण? ‘ही’. तो स्वल्पविरामापुढे हजर आहे, वाक्य बरोबर आहे. वर दिलेली दुसरी आणि तिसरी पायरी न गाळता केली तर हा गोंधळ होत नाही.

तुलनेच्या तुकड्यांनाही हाच नियम, फक्त तिथे लक्ष कमी जातं. ‘अनलाइक पुणे, द क्लायमेट ऑफ मुंबई इज ह्युमिड’ यात पुण्याची तुलना हवामानाशी झाली. ‘अनलाइक पुणे, मुंबई हॅज अ ह्युमिड क्लायमेट’ केलं की शहरासमोर शहर येतं. मराठीत ‘पुण्यासारखं मुंबईचं हवामान कोरडं नाही’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणून चुकलेलं इंग्रजी वाक्य कानाला टोचत नाही.

अपवाद मोजके आहेत, ते पाठ असू द्या: ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘गिव्हन’, ‘जजिंग फ्रॉम’, ‘जनरली स्पीकिंग’. हे शब्द जवळजवळ शब्दयोगी अव्ययासारखे वापरले जातात, त्यांना कर्ता शोधायचा नसतो. ‘कन्सिडरिंग हिज एज, द परफॉर्मन्स वॉज रिमार्केबल’ बरोबर आहे.

बिघाड दुसरा: तुकडा आहे बरोबर, पण चिकटलाय भलत्यालाच

‘शी सर्व्ह्ड बासुंदी टू द गेस्ट्स इन सिल्व्हर बोल्स.’ चांदीच्या वाट्यांत पाहुणे बसले. मराठीत ‘पाहुण्यांना’, ‘वाट्यांत’ असे प्रत्यय लागलेले असल्यामुळे शब्द कुठेही ठेवा, कोण कुठे आहे ते कळतं. इंग्रजीत शेजार बघून अर्थ ठरतो. ‘शी सर्व्ह्ड द गेस्ट्स बासुंदी इन सिल्व्हर बोल्स’ केलं की वाट्या बासुंदीच्या शेजारी येतात. पर्यायांत ‘विथ’, ‘इन’, ‘ऑन’ने सुरू होणारा तुकडा जागा बदलताना दिसला की प्रश्न शेजाराचा आहे हे ओळखा आणि तुकड्याच्या लगेच डावीकडचं नाम बघा.

‘विच’चं मात्र परीक्षेनुसार बदलतं. ‘द बस ब्रोक डाउन, विच मेड अस लेट’ हे वाक्य बोलण्यात आणि छापील इंग्रजीतही चालतं, स्टाफ सिलेक्शनच्या (केंद्र सरकारच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयोगाच्या) प्रश्नात त्यावर अडून बसू नका. जुन्या जीमॅटच्या (व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या) साहित्यात ते चूक मानलेलं दिसेल, कारण तिथे ‘विच’ला जवळचं नाम लागायचं, अख्खी घटना चालायची नाही. तिथलं उत्तर ‘द बस ब्रोक डाउन, मेकिंग अस लेट’ असायचं. शेवटी स्वल्पविराम देऊन आलेलं ‘मेकिंग’ आधीच्या पूर्ण घटनेला लागू शकतं.

जीमॅटचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकू. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जीमॅटच्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्ती हा प्रकारच काढून टाकला आहे. त्या परीक्षेसाठी कुणी अजून वाक्यदुरुस्तीचे जाडजूड संच विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत मॉडिफायरच्या जागेचा प्रश्न अजून येतो. आपल्याकडच्या सरकारी भरतीच्या परीक्षांत तो कधी वाक्यसुधारणा म्हणून येतो, कधी ‘चूक असलेला भाग ओळखा’ म्हणून. जुने जीमॅटचे प्रश्न सरावाला वाईट नाहीत. फक्त तिथला कडकपणा इथे आणला की बरोबर वाक्यं चुकीची वाटू लागतात.

बिघाड तिसरा: ‘ओन्ली’ कुठे बसवायचा

यासाठी मराठीतला ‘च’ फार कामाला येतो. ज्या शब्दाला ‘च’ लावाल, इंग्रजीत त्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवा. मी‘च’ तिला पाहिलं: ‘ओन्ली आय सॉ हर’. मी तिला‘च’ पाहिलं: ‘आय सॉ ओन्ली हर’. नुसतं पाहिलं, बोललो नाही: ‘आय ओन्ली सॉ हर’. बोलीभाषेत तिसरं वाक्य दुसऱ्याच्या अर्थानेही वापरतात, पण चार पर्यायांत ‘ओन्ली’ चार जागी फिरवला असेल तर परीक्षकाला कडक जागाच हवी आहे.

‘ऑलमोस्ट’, ‘नियरली’, ‘जस्ट’, ‘ईव्हन’ यांचंही तेच. ‘ही लॉस्ट ऑलमोस्ट अ थाउजंड रुपीज’ म्हणजे नऊशे-साडेनऊशे गेले. ‘ही ऑलमोस्ट लॉस्ट अ थाउजंड रुपीज’ म्हणजे जाता जाता वाचले, एक रुपयाही गेला नाही.

‘सगळे पास झाले नाहीत’ या मराठी वाक्यातून आलेलं ‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास’ हेही इथेच मोडतं. काही पास, काही नापास असं म्हणायचं असेल तर ‘नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड’, एकही नाही असं म्हणायचं असेल तर ‘नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड’.

बिघाड चौथा: विशेषण की क्रियाविशेषण

‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली खेळते’. मराठीत खेळण्याबद्दल बोलतानाही ‘चांगला’ हा शब्द खेळणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून ‘ही प्लेज गुड’ डोळ्यांना खुपत नाही. खेळणं कसं आहे हे सांगायचं असल्याने ‘ही प्लेज वेल’ हवं.

याची उलट बाजू जास्त फसवते. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘साउंड’, ‘सीम’, ‘बिकम’ या क्रियापदांपुढे बहुतेक वेळा विशेषण येतं, ‘ली’ लागलेला शब्द नाही. तपासायला क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ टाकून बघा. ‘द मिल्क टेस्ट्स साउअर’ मध्ये ‘द मिल्क इज साउअर’ जमतं, म्हणून ‘साउअर’ बरोबर, ‘साउअरली’ चूक. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. पण ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ हेही बरोबर आहे, कारण तिथे ‘लुक’ म्हणजे दिसणं नाही, बघणं आहे. पुढे ‘ॲट’ दिसला की ‘इज’ची चाचणी लावू नका.

‘ली’ दिसला म्हणजे क्रियाविशेषण, असंही धरू नका. ‘फ्रेंडली’, ‘काउअर्डली’, ‘लव्हली’ ही विशेषणं आहेत. ‘ही बिहेव्ह्ड काउअर्डली’ असं वाक्य आलं तर पर्यायांत ‘इन अ काउअर्डली मॅनर’ शोधा, तो बहुधा असतोच. ‘फास्ट’ला ‘ली’ लागत नाही. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

किरकोळ, पण फुकटचे गुण

‘पुरेसा उंच’च्या सवयीने ‘इनफ टॉल’ लिहिलं जातं. ‘इनफ’ विशेषणाच्या नंतर येतो, ‘टॉल इनफ’. नामाच्या मात्र आधी, ‘इनफ मनी’.

‘व्हेरी बेटर’ नाही, ‘मच बेटर’. ‘मोअर बेटर’ तर नाहीच. ‘आय ॲम टू ग्लॅड टू सी यू’ आपल्या परीक्षांत चूक धरतात, कारण पहिल्या ‘टू’मध्ये प्रमाणाबाहेर अशी छटा असते. तिथे ‘व्हेरी ग्लॅड’.

मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’. पण अंतर, पैसे आणि वेळ यांना एकगठ्ठा धरतात, म्हणून ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ बरोबर आहे. तो बदलायच्या मोहात पडू नका.

‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. वाक्यात पुढे तक्रार असेल तर पहिला, दिलासा असेल तर दुसरा.

‘ही इज टॉलर दॅन एनी बॉय इन हिज क्लास’ यात तो स्वतःपेक्षाही उंच ठरतो. ‘एनी अदर बॉय’ हवं.

दोनच पर्याय उरले तर

स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यांपैकी २५ इंग्रजीचे. म्हणजे प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद, आणि गणिताला वेळ ठेवायचा तर इंग्रजीला त्याहून कमी. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला ०.५० वजा. दोन पर्यायांवर आलात तर अंदाजाने सरासरी ०.७५ गुण पदरात पडतात, तीन उरले तरी साधारण ०.३३. पहिल्या बिघाडाची तपासणी एखादा तरी पर्याय उडवतेच, त्यामुळे मॉडिफायरचा प्रश्न कोरा सोडणं तोट्याचं आहे. जिथे वजाबाकीचं प्रमाण वेगळं असेल तिथे हा हिशेब नव्याने मांडा.

‘सुधारणेची गरज नाही’ या पर्यायाला घाबरून राहू नका आणि तो शेवटचा उपाय म्हणूनही ठेवू नका. वरचे चार बिघाड पाहून झाले, काही सापडलं नाही, की तोच निवडा. ‘काहीतरी चूक असणारच’ म्हणून चौथ्यांदा वाचू लागलात की चांगलं वाक्यही वाकडं दिसू लागतं.

चुकांची नोंद ठेवताना अख्खा प्रश्न उतरवत बसण्यात अर्थ नाही. चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त बिघाडाचा क्रमांक टाका, १ ते ४, किरकोळला ५. पाच-सहा टेस्टनंतर आकडे बघा. बऱ्याचदा एकाच आकड्याची रांग लागलेली असते, आणि बाकीचे चार पुन्हा वाचण्यात वेळ जात असतो. १ ची रांग असेल तर उत्तर न शोधता नुसता सराव करा: कुठल्याही संचातली स्वल्पविराम असलेली वीस वाक्यं घ्या, ‘कोण?’ विचारा आणि पुढच्या नामावर बोट ठेवा. पर्याय झाकूनच ठेवा.

हात चालवायला तीन वाक्यं, उत्तरं खाली आहेत.

क. हॅविंग लॉस्ट द की, द डोअर कुड नॉट बी ओपन्ड.
ख. रिटन इन हेस्ट, द लेटर वॉज फुल ऑफ मिस्टेक्स.
ग. स्टुडंट्स हू रिव्हाइज ऑफन गेट बेटर मार्क्स.

‘क’मध्ये किल्ली दाराने हरवली आहे. ‘हॅविंग लॉस्ट द की, ही कुड नॉट ओपन द डोअर’ करा. ‘ख’ जसंच्या तसं बरोबर आहे, घाईत लिहिलं गेलं ते पत्रच. ‘ग’मध्ये ‘ऑफन’ दोन्हीकडे बघतोय: वारंवार उजळणी, की वारंवार जास्त गुण? उजळणी म्हणायची असेल तर ‘स्टुडंट्स हू ऑफन रिव्हाइज गेट बेटर मार्क्स’, गुण म्हणायचे असतील तर ‘ऑफन, स्टुडंट्स हू रिव्हाइज गेट बेटर मार्क्स’. पर्यायांत या दोन्हींपैकी सहसा एकच दिलेला असतो, त्यामुळे परीक्षकाच्या मनात कुठला अर्थ होता याचा विचार करत बसावं लागत नाही.